स्वप्नाचे पान कसे रचावे: विन्सर मॅके यांच्या रविवारच्या पानांवरून एक अभ्यास

न्यूयॉर्क हेराल्ड या दैनिकाच्या रविवारच्या रंगीत पुरवणीत १५ ऑक्टोबर १९०५ रोजी 'लिटल नीमो इन स्लंबरलँड' ही पानभर चित्रमालिका सुरू झाली. नीमो नावाचा लहान मुलगा झोपतो, निद्रानगरीच्या राजाकडून त्याला बोलावणे येते, वाटेत काहीतरी विलक्षण घडते आणि शेवटच्या लहानशा चौकटीत तो अंथरुणात किंवा पलंगाखाली जागा होतो, एवढाच तिचा साचा होता. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांनी हेराल्डमध्ये १९११ पर्यंत हाच साचा आठवड्यामागून आठवडे वापरला, आणि तरीही ती पाने आज एकापाठोपाठ एक पाहताना पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही. त्यांच्याविषयी लिहिताना 'अफाट कल्पनाशक्ती' हे दोन शब्द हमखास येतात. ते खरे असले तरी चित्रमालिका काढायला शिकणाऱ्याच्या हाती त्यांतून काही लागत नाही, कारण अफाट होण्याची कृती कोणाला सांगता येत नसते. पाने जवळून पाहिली, की एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पानात अशक्य असे एकच काहीतरी असते आणि उरलेले सारे पान म्हणजे त्या एका अशक्य गोष्टीचा काटेकोर हिशेब असतो. हा हिशेब शिकता येतो, आणि तो वापरून स्वतःचे एक पान कसे उभे करावे हे या लेखात सांगितले आहे.

आधी पाने पाहावीत

मॅके १९३४ साली वारले. भारतीय कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृतींचा स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे ही पाने उतरवून घेणे, छापणे आणि त्यांच्यावर रेघोट्या मारणे यांत कसलीही अडचण नाही. मूळ पान साधारण १६ इंच रुंद आणि २१ इंच उंच असे, म्हणजे आजच्या कोणत्याही मराठी दैनिकाच्या पानाहून मोठे. ते मोबाइलच्या पडद्यावर पाहण्यात अर्थ नाही. मोठ्या आकारातली प्रत शोधून ए-थ्री कागदावर छापून घ्यावी आणि भिंतीवर लावावी.

सुरुवात २६ जुलै १९०८ च्या पानापासून करावी. नीमो आणि त्याचा हिरव्या चेहऱ्याचा, तोंडात सिगार धरलेला, उपद्व्यापी सोबती फ्लिप एका पलंगावर झोपलेले आहेत. पलंगाचे पाय लांबू लागतात, पलंग घराबाहेर पडतो, गावाच्या छपरांवरून ढांगा टाकत निघतो आणि अखेर एका चर्चच्या मनोऱ्यात पाय अडकून कोलमडतो. या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि चित्रांना मुळीच हात न लावता फक्त चौकटींच्या कडा गिरवाव्यात. कागद उचलून पाहिला, की चित्रांशिवायही गोष्ट कळते, कारण पलंगाच्या पायांबरोबर चौकटीही उंच होत गेलेल्या आहेत. वाढणाऱ्या वस्तूला चौकटीत कोंबण्यासाठी तिला दुरून दाखवावे, हा कोणालाही सुचणारा उपाय होता. मॅके यांनी वस्तूऐवजी चौकटच ताणली, आणि म्हणून पलंग खरोखर वाढत असल्याचे डोळ्यांना जाणवते.

दुसरे पान थोडे आधीचे घ्यावे. 'लिटल सॅमी स्नीझ' या त्यांच्या मालिकेतला मुलगा दर आठवड्याला सहा चौकटींत शिंकतो: पहिल्या चार चौकटींत शिंक साठत जाते, पाचवीत फुटते आणि भोवतीच्या साऱ्या गोष्टींची वाताहत होते, सहावीत त्याला त्याची शिक्षा मिळते. २४ सप्टेंबर १९०५ रोजी मॅके यांनी सॅमीच्या भोवती काहीच काढले नाही. घर, दुकान, माणसे, काही नाही, नुसती कोरी चौकट. साहजिकच शिंकेने मोडायला चौकटीखेरीज दुसरे काही उरले नाही, आणि शेवटी तिचेच तुकडे अंगाभोवती घेऊन सॅमी खट्टू होऊन बसलेला दिसतो. ही युक्ती पुढे अनेकांनी वापरली, परंतु बहुतेकांनी ती विनोद म्हणून वापरली. येथे ती आधीच्या कितीतरी आठवड्यांच्या नियमातून आपोआप निघालेली आहे, म्हणून ती पटते.

एकच नियम मोडावा

आपल्या पानासाठी स्वप्न निवडताना नवशिके चित्रकार बहुधा उडणारे मासे, बोलणारी झाडे आणि वितळणारी घड्याळे एकाच वेळी आणतात. असे पान दिसायला भरगच्च असते, पण वाचकाला कशाचेच आश्चर्य वाटत नाही. मॅके १९०४ पासून 'ईव्हनिंग टेलिग्रॅम' या सायंदैनिकात 'सायलस' या टोपणनावाने 'ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड' ही मालिका काढत असत. रात्री भाजलेल्या पावावरचे वितळलेले चीज खाऊन झोपणाऱ्या प्रौढांना पडणारी दुःस्वप्ने हा तिचा विषय होता. तिच्यात कायमचा नायक नव्हता, राजवाडे नव्हते, रंगही नव्हते, आणि म्हणूनच कल्पनेचा सांगाडा त्या पानांत सर्वांत स्वच्छ दिसतो. एका पानात मगरीच्या कातड्याची पर्स पुन्हा मगर होते. १९०५ च्या एका पानात माणूस जिवंतपणी पुरला जातो आणि सारी चित्रे शवपेटीत पडलेल्या त्या माणसाच्या नजरेतून काढलेली आहेत. वर वाकून बघणारे चेहरे, त्यांचे शेरे, आणि मग माती. एकच जागा, एकच नजर, तीही न हलणारी. माझ्या मते मॅके यांच्या साऱ्या कामात याहून भेदक पान नाही, आणि त्यात राक्षस वा परी यांपैकी कोणीही नाही.

म्हणून स्वप्न एका वाक्यात लिहून काढावे आणि त्या वाक्यात एकच क्रियापद ठेवावे. 'छत्री रुंद होत जाते.' एवढे पुरे. त्यानंतर कागदाच्या दुसऱ्या बाजूला त्या वाक्याचे परिणाम लिहावेत, आणि येथे मात्र वेळ काढावा, कारण कल्पनेची खरी कसोटी याच यादीत लागते. छत्री रुंद झाली तर पावसात भिजणारा शेजारचा माणूस तिच्याखाली येईल. मग भाजीवाली टोपलीसकट येईल, मग रिक्षा, मग बसथांब्यावरची सगळी रांग. कडांवरून गळणारे पाणी दर खेपेला अधिक लांब पडेल. दांडा धरणारा मुलगा मात्र तेवढाच लहान राहील. छत्री दुकानांच्या पाट्यांना अडेल, विजेच्या तारा बाजूला सारील, आणि शेवटी वाऱ्याचा एक झोत आला की कोणतीही छत्री जी करते तेच करील, म्हणजे उलटी होईल. २६ नोव्हेंबर १९०५ च्या थँक्सगिव्हिंगच्या पानात एक प्रचंड टर्की पक्षी नीमोचे घरच चोचीत उचलतो आणि नीमो क्रॅनबेरीच्या सॉसच्या तळ्यात पडतो. सणाच्या जेवणातला पक्षी मोठा झाला, म्हणून त्याच्याबरोबर वाढला जाणारा सॉसही मोठा झाला, असा तो सरळ तर्क आहे. यादीतला परिणाम पहिल्या वाक्यातून निघत नसेल, तर तो कितीही गमतीदार असला तरी खोडून टाकावा.

पानाची आखणी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून बहुतेक जण तीच उरकून टाकतात. पलंगाचे पाय वाढत होते म्हणून मॅके यांनी चौकटी उंच केल्या. छत्री आडवी वाढते, म्हणून आपल्या चौकटी रुंद होत गेल्या पाहिजेत. ए-थ्री कागद उभा धरल्यास २९७ मिलिमीटर रुंद आणि ४२० मिलिमीटर उंच असतो. चहूबाजूंनी १५ मिलिमीटरचा समास सोडल्यावर २६७ बाय ३९० एवढी जागा उरते, आणि दोन चौकटींमधली फट ५ मिलिमीटरची धरली तर आखणी पुढीलप्रमाणे होते. वर ४० मिलिमीटर उंचीची शीर्षकाची पट्टी. तिच्याखाली ७५ उंचीची पहिली ओळ, तिच्यात प्रत्येकी ६३ रुंदीच्या चार चौकटी. दुसरी ओळ ९५ उंचीची, तिच्यात दोनच चौकटी, पहिली ११० रुंद आणि दुसरी १५२. तिसऱ्या ओळीत सगळी रुंदी व्यापणारी १६५ उंचीची एकच चौकट, आणि तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ६३ बाय ७५ ची जागा कापून जागे होण्याची चौकट बसवावी. ही शेवटची चौकट पहिल्या चौकटीएवढीच असणे आवश्यक आहे. मुलगा स्वप्नातून परतला, की कागदावरची जागाही आधीच्या मापावर परतते, आणि हे वाचकाला न सांगता समजते.

आखणी पेन्सिलने करून झाल्यावर चित्रे न काढता चौकटींत फक्त काळे आकार भरून पाहावेत: पहिल्या चौकटीत छत्रीचा छोटा घुमट, दुसरीत थोडा मोठा, असे करत शेवटपर्यंत. मोठ्या चौकटीत घुमटाची कड चौकटीच्या कडेला टेकली पाहिजे, किंबहुना जराशी कापली गेली पाहिजे. ती आत आरामात मावली तर वाढ थांबल्यासारखी वाटते.

चौकटींमधल्या काळाचाही विचार येथेच करावा. मॅके यांच्या पानांत एका चौकटीपासून दुसरीपर्यंतचा काळ बहुधा अगदी थोडा आणि सारखा असतो. मध्येच 'नंतर', 'थोड्या वेळाने' अशा उड्या नसतात. त्यांचे हे भान किती पक्के होते हे त्यांच्या चित्रपटांवरून कळते. १९१४ च्या 'गर्टी द डायनासोर' या हाताने काढलेल्या चित्रांच्या चित्रपटासाठी त्यांनी सुमारे दहा हजार रेखाचित्रे काढली, आणि गर्टीच्या श्वासाची लय ठरवण्यासाठी स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला. आपल्या पानावर प्रत्येक चौकटीत छत्री किती वाढली हे ठरवताना असेच एक माप धरावे, उदाहरणार्थ दर चौकटीत रुंदी दीडपट. पहिल्या चौकटीत छत्री मुलाच्या खांद्यांच्या दुप्पट असेल, तर सातव्या चौकटीपर्यंत ती तेवीसपटीच्या आसपास जाते आणि तिच्याखाली सगळा बाजार सहज येतो.

यथार्थदर्शन आणि वस्तूंची ओळख

मॅके मिशिगन राज्यात वाढले. इप्सिलँटी येथे जॉन गुडिसन नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना खासगी शिकवणी दिली आणि यथार्थदर्शनाची, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची, भूमिती कसून घोटून घेतली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण म्हणण्यासारखे त्यांना एवढेच मिळाले. पुढे शिकागो आणि सिनसिनाटी येथे त्यांनी सर्कशीची आणि स्वस्त तिकिटाच्या अजबखान्यांची पोस्टरे रंगवली. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या अनेकांना भूमितीचा पेपर म्हणजे नसती कटकट वाटलेली असते. नीमोचे राजवाडे पाहिल्यावर त्या पेपराविषयीचे मत बदलण्याचा संभव आहे.

कृती अशी करावी. पहिल्या सहाही चौकटींत क्षितिजरेषा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी आणि ती हलवू नये. सातव्या, मोठ्या चौकटीत ती एकदाच वर न्यावी, म्हणजे आपण इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून बाजाराकडे पाहत आहोत असे वाटेल. लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जेथे मिळताना दिसतात तो बिंदू, चौकटीच्या बाहेर जात असेल, तर कागदाच्या बाजूला टेबलावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर खूण करावी आणि तेथून दोरा ताणून रेषा आखाव्यात. छत्रीच्या काड्या मोजून काढाव्यात. पहिल्या चौकटीत आठ काड्या असतील, तर छत्री रस्त्याएवढी झाल्यावरही आठच असल्या पाहिजेत, आणि दांड्याची मूठ, कापडावरचे ठिगळ, तुटलेले एक टोक हे सारे त्याच जागी राहिले पाहिजे. वाचक नकळत हे मोजत असतो. एका चौकटीत नऊ काड्या आल्या, की त्याच्या मनातले 'हीच ती छत्री' हे नाते तुटते आणि पुढचे सारे चित्र निव्वळ नक्षी होऊन बसते.

याच कारणासाठी परिचित वस्तू निवडावी. निद्रानगरीची दालने आणि स्तंभ मॅके यांनी हवेतून निर्माण केले नव्हते. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातील पांढऱ्याशुभ्र इमारतींची छाया त्यांच्यावर स्पष्ट दिसते. शिवाय ते ब्रुकलिनमध्ये शीप्सहेड बे येथे राहत असत आणि कोनी आयलंडची विजेच्या दिव्यांनी लखलखणारी करमणूक उद्याने तेथून जवळच होती. ज्याला भव्य दालन काढायचे आहे त्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या तिकीटघरात तासभर वही घेऊन बसावे, आणि ज्याला गरगरणारे काही काढायचे आहे त्याने गावच्या जत्रेतला आकाशपाळणा खालून पाहून काढावा.

रेषा, रंग, अक्षरे

रेषेविषयी फार सांगण्यासारखे नाही. मॅके यांची बाह्यरेषा जाड आणि आतल्या रेषा बारीक असतात, त्यामुळे गर्दीतही प्रत्येक आकार वेगळा उठून दिसतो. रंग सपाट भरावेत आणि चौकटीगणिक पार्श्वभूमीचा रंग थोडा थोडा बदलावा. छत्रीच्या पानात पावसाळी संध्याकाळचा करडा रंग हळूहळू गडद निळ्याकडे नेता येईल. हेराल्डच्या छापखान्यातील कारागीर त्या काळी रंगीत छपाईत अव्वल समजले जात आणि मॅके त्यांना कोठे कोणता रंग हवा याच्या बारीक सूचना देत असत. आज छापायला देण्यापूर्वी आपणही एक नमुना प्रत काढून पाहावी, कारण पडद्यावरचा निळा रंग कागदावर बऱ्याचदा मळकट उतरतो.

अक्षरलेखन हा मात्र मॅके यांचा उघड दुबळेपणा आहे. इतका सफाईदार चित्रकार संवादांचे फुगे सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत कोंबत असे. अक्षरे फुग्याच्या कडांना घासतात, शब्द भलत्या जागी तुटतात, आणि बोलणारी पात्रे बहुधा 'अरे बापरे' आणि 'थांबा' यांपलीकडे फारसे बोलत नाहीत. सुरुवातीच्या काही महिन्यांत तर चौकटीखाली चित्रात दिसणारीच गोष्ट पुन्हा सांगणारा मजकूर असे. तो पुढे गेला आणि पानाचे काही नुकसान झाले नाही.

मराठीत लिहिताना या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. रोमन अक्षरांच्या ओळी जवळजवळ बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. अक्षराचा मधला भाग ४ मिलिमीटर उंच असेल, तर दोन शिरोरेषांमध्ये किमान ९ मिलिमीटर अंतर हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून फुगे आखणीच्या वेळीच काढावेत, त्यांत मजकूर पेन्सिलने लिहून पाहावा आणि मगच चित्राला जागा द्यावी. एका फुग्यात आठ-दहा शब्दांपेक्षा अधिक नकोत. छत्रीच्या पानात भाजीवालीने 'सरक की रे जरा' म्हणावे आणि मुलाने 'मावशी, टोपली सांभाळा' म्हणावे; छत्री वाढत असल्याचे कोणीही बोलून दाखवू नये.

काय घेऊ नये

निद्रानगरीत इम्प नावाचे एक पात्र आहे. त्याचे जाड ओठ, गवताचा घागरा आणि निरर्थक बडबड ही त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांची जी हेटाळणीची चित्रे सर्रास छापली जात, त्यांचीच नक्कल आहे. एवढ्या स्वतंत्र नजरेच्या चित्रकाराने मुलांना झोपवणारा पलंग नव्याने पाहिला आणि माणसे मात्र ठरीव साच्यातून उचलली, हे खटकल्याशिवाय राहत नाही. आपल्या पानातही बाजारातील माणसे काढताना हाच धोका असतो. ढेरपोट्या शेटजी आणि काठी उगारणारा हवालदार हात आपोआप काढू लागतो. अशा वेळी ओळखीच्या चार माणसांचे प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन समोर ठेवावे.

जागे होण्याची चौकट

ही चौकट सर्वांत आधी, म्हणजे आखणीनंतर लगेच काढून ठेवावी. मॅके यांच्या पानात नीमो ज्या स्थितीत जागा होतो ती स्थिती आधीच्या चौकटीतल्या अपघाताला जुळणारी असते: स्वप्नात पडला तर पलंगावरून पडलेला असतो आणि अंगाभोवती पांघरूण गुंडाळलेले असते, आणि बाहेरून आई किंवा वडील बहुधा रागावूनच काहीतरी बोलतात. रेअरबिटच्या पानांत जागा झालेला माणूस पुन्हा चीज न खाण्याची शपथ घेतो. दोन्हींत स्वप्नाचे कारण खोलीत कोठेतरी असते. तेव्हा छत्री उलटी झाल्यावर मुलगा चादर डोक्यावरून उलटी पडलेल्या अवस्थेत जागा झाला पाहिजे, खिडकी उघडी असली पाहिजे, पावसाची सर आत येत असली पाहिजे आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला पाहिजे: 'खिडकी लाव म्हणून किती वेळा सांगितलं होतं रात्री!' येथे स्पष्टीकरण लांबवू नये. एक फुगा, एक पलंग, एक खिडकी.

पान पूर्ण झाल्यावर ते दहा पावलांवर टांगावे आणि ज्याने ते आधी पाहिलेले नाही अशा कोणाला तरी तेथून पाहायला सांगावे. फुगे वाचता येणार नाहीत इतक्या अंतरावरूनही काय वाढले आणि शेवटी काय झाले हे त्याला सांगता आले, तर शाई फिरवायला हरकत नाही. सांगता आले नाही, तर चित्रे सुधारण्याच्या भानगडीत न पडता ट्रेसिंग पेपर काढावा आणि चौकटी पुन्हा आखाव्यात.